अन्नाचे नमुने गावानेच काढायला हवेत

खव्याचा नमुना लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी काढला आणि त्याचा अहवाल कायद्याने ठरवलेल्या चौदा दिवसांत आला, तरी तोवर तुळशीचे लग्न उजाडते. त्या खव्याचे पेढे आणि बर्फी कधीच संपलेली असते, फराळाची ताटे शेजारीपाजारी फिरून झालेली असतात. यात कोणा अधिकाऱ्याची हयगय असावीच लागते असे नाही. सगळे नियमाने वागले तरी असेच होणार. नाशवंत पदार्थाचा नमुना तो पदार्थ खाणाऱ्याला वाचवू शकत नाही. पुढच्या वेळी कुठे लक्ष ठेवायचे एवढेच तो सांगू शकतो, आणि तेही त्याला कोणी तसे विचारले तर.

आपल्याकडे तसे विचारले जात नाही. महाराष्ट्रात अन्नाचा नमुना काढला जातो तो मुख्यतः कोणावर तरी खटला भरण्यासाठी. बाजारात रोज काय विकले जात आहे हे समजून घ्यायला वर्षभर, ठरवून, चिठ्ठ्या टाकून नमुने काढणे हे कोणाचेच मुख्य काम नाही. हे काम महापालिकांनी, नगरपालिकांनी आणि जिल्हा परिषदांनी अंगावर घ्यावे, दर महिन्याला त्याचे निकाल लोकांसमोर ठेवावेत आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहू नये, असे मला ठामपणे वाटते.

खटल्यासाठीचा नमुना कसा निघतो ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येतो, नमुना तपासणीसाठी घेत असल्याची लेखी नोटीस देतो, पंच बोलावतो, मालाची किंमत चुकती करून पावती घेतो. पदार्थाचे चार सारखे भाग करून ते कोरड्या, स्वच्छ बाटल्यांत भरतो. दूध असेल तर नासू नये म्हणून प्रत्येक बाटलीत फॉर्मेलिनचे थेंब टाकतो. बाटलीवर लेबल, भोवती जाड कागद, त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या (त्या भागातल्या अन्न सुरक्षेच्या कामाचा प्रमुख) सहीची सांकेतिक क्रमांक असलेली चिठ्ठी, मग दोरा आणि दोऱ्यावर लाखेचे सील. दुकानदाराची सहीसुद्धा अशी घ्यायची की ती थोडी चिठ्ठीवर आणि थोडी कागदावर पडेल, म्हणजे मागाहून कोणी चिठ्ठी बदलली तर लगेच कळावे. चारांपैकी एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो.

हा काटेकोरपणा योग्यच आहे. माल नुसता अप्रमाणित, म्हणजे ठरलेल्या दर्जाला न उतरणारा, निघाला तरी पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि असुरक्षित निघाला तर तुरुंगाची पाळी येते. कोणाच्या पोटावर पाय येणार असेल तर प्रत्येक गाठ नीट बांधलेलीच हवी. पण एवढा सोपस्कार करून एका अधिकाऱ्याच्या हातून दिवसाकाठी किती नमुने निघणार? थोडेच. मग साहजिकच तो संशय असेल तिथे, तक्रार आली असेल तिथे, सण असेल तेव्हा जातो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

यातून आकड्यांचा मोठा घोळ होतो. २०१८-१९ या वर्षी देशभरात १,०६,४५९ नमुने तपासले गेले. त्यातले ३.७ टक्के असुरक्षित, १५.८ टक्के अप्रमाणित आणि ९ टक्के लेबलच्या दोषाचे निघाले. तिन्हींची बेरीज करून ‘देशातले चौथ्या हिश्शापेक्षा जास्त अन्न भेसळीचे’ अशी बातमी सहज होते. पण हे नमुने मुळात संशयावरून उचललेले होते. त्यावरून संपूर्ण बाजाराबद्दल काहीच म्हणता येत नाही, चांगलेही नाही आणि वाईटही नाही. शिवाय पाकिटावर मजकूर चुकीचा छापणे आणि पदार्थात विष असणे यांची एकत्र बेरीज करायची नसते. घाबरलेला ग्राहक मग सगळ्यांवरच संशय घेतो, आणि सगळ्यांवर संशय घेणारा माणूस शेवटी नाइलाजाने मिळेल ते खातो.

दुधाचे उदाहरण याहून बोलके आहे. २०११ साली देशात दुधाचे १,७९१ नमुने तपासले गेले आणि त्यातले ६८.४ टक्के मानकाला उतरले नाहीत. तो आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. त्यातला मोठा दोष पाण्याचा होता. पाणी घालणे ही फसवणूकच, आणि पाणी घाण असेल तर आजारही. पण लोकांच्या मनात चित्र उभे राहिले ते युरिया आणि डिटर्जंट घालून बनवलेल्या दुधाचे. पुढे २०१८ मध्ये जास्त मोठी पाहणी झाली. १,१०३ लहानमोठ्या शहरांतून ६,४३२ नमुने घेतले गेले. त्यातले ९३ टक्के पिण्यास सुरक्षित होते आणि भेसळीचे म्हणावे असे फक्त १२ निघाले. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) अशा दर्जाच्या कसोट्यांवर पुष्कळ नमुने कमी पडले, ती गोष्ट वेगळी. पण या पाहणीने कोणाच्याही ध्यानीमनी नसलेले एक सत्य बाहेर काढले. ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त होते, आणि ते सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या, पिशवीबंद दुधात अधिक आढळले.

हे विष गवळी घालत नाही आणि डेअरीही घालत नाही. पेंड किंवा मक्याचा भरडा ओलसर जागी राहिला की त्याला बुरशी लागते, ती जनावराच्या पोटात जाते आणि तिचे विष दुधात उतरते. लॅक्टोमीटरला ते कळत नाही, डेअरीवर फॅट लावताना दिसत नाही, जिभेला जाणवत नाही आणि दूध उकळल्याने जात नाही. दुधाच्या टँकरवर मध्यरात्री कितीही छापे घातले तरी ते सापडले नसते, कारण कोणीही दोषी नसताना दोष कुठे आहे हे छाप्यातून कळत नाही. त्यावरचा उपाय गोठ्यात आहे, पेंडीच्या गोदामात आहे, पशुसंवर्धन खात्याकडे आहे. पण तो उपाय सुचायला आधी कोणीतरी, कोणावरही संशय न घेता, बाजारातून दूध उचलून तपासावे लागले.

हळदीच्या बाबतीत बांगलादेशने जे केले ते तर आपल्या धोरणकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. तिथे हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट लावले जात होते. ते शिशाचे संयुग आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालते. संशोधकांनी बाजारातून हळदीचे नमुने घेतले, शिसे कुठल्या टप्प्यावर मिसळते त्याचा माग काढला, सरकारने लोकांना इशारा दिला, घाऊक बाजारात हातात धरायच्या यंत्राने जागच्या जागी तपासणी केली आणि दोषी व्यापाऱ्यांना दंड केला. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. यात अचाट असे काही नव्हते. आधी मोजले, मग कारण शोधले, मग पुन्हा मोजले. दुसऱ्यांदा मोजले म्हणूनच उपाय लागू पडल्याचे कळले. सांगलीची आणि वसमतची हळद ज्यांच्या घामातून येते त्या शेतकऱ्यांना अशा मोजणीचे भय बाळगायचे कारण नाही. आपल्या मालाचे नाव राखायचे असेल तर सर्वांत आधी त्यांनीच ती मागायला हवी.

आता कायद्याकडे येऊ. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यात ‘स्थानिक आरोग्य प्राधिकारी’ ही तरतूद होती आणि मुंबई महापालिकेचे निरीक्षक स्वतः खाद्यपदार्थांचे नमुने घेत. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ साली झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. तेव्हापासून आपल्या राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे एकवटले. एका खात्याकडे, एका पद्धतीने काम जाण्यात फायदा होता हे मान्य. पण ज्याला गल्लीतली प्रत्येक भट्टी, प्रत्येक रसवंती, प्रत्येक वडापावची गाडी ठाऊक असते त्या महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकाच्या हातून बाटली निघून गेली. ज्याच्या हाती ती राहिली तो अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो आणि त्याच्या वाट्याला कित्येक तालुके येतात. शेजारच्या गुजरातमध्ये याच कायद्याखाली अहमदाबाद आणि सुरत महापालिकांचे स्वतःचे अन्न सुरक्षा अधिकारी आहेत आणि नमुने तपासायला स्वतःच्या प्रयोगशाळाही आहेत. म्हणजे अडचण कायद्याच्या अक्षरांत नाही.

प्रयोगशाळांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे. मॅगीचे प्रकरण आठवा. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत मार्च २०१४ मध्ये एका अधिकाऱ्याने नमुना घेतला. तो गोरखपूरच्या प्रयोगशाळेत गेला, तिथून अपिलात कोलकात्याला. त्यात १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत १७.२ भाग) शिसे असल्याचा अहवाल आला तोवर वर्ष उलटून गेले होते. मानकातली मर्यादा २.५ होती. ५ जून २०१५ रोजी अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने देशभर बंदी घातली, आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना कायद्याला हवी तशी मान्यताच नव्हती आणि कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले गेले नव्हते, असे न्यायालयाला आढळले. पुढे न्यायालयाने नेमलेल्या तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, नूडल्स मर्यादेच्या आत निघाल्या आणि पुन्हा दुकानात आल्या. त्या पहिल्या पाकिटात खरोखर काय होते हे मात्र ग्राहकाला कायमचे अनुत्तरितच राहिले. दोन वर्षांनी कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, अहवाल दिला की राज्यांच्या ज्या ७२ प्रयोगशाळांत अन्नाचे नमुने जातात त्यांतल्या ६५ प्रयोगशाळांना एनएबीएलची (प्रयोगशाळांचा दर्जा तपासून मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता नाही. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, नव्या यंत्रांवर खर्च झाला आहे. पण यंत्र आले म्हणजे ते चालवणारा विश्लेषक आला असे होत नाही. आणि ज्या प्रयोगशाळेत सणाच्या आधी नमुन्यांचा ढीग लागतो आणि एरवी टेबले रिकामी असतात तिथे माणसांचा हातही बसत नाही. दर महिन्याला ठरावीक नमुने येत राहिले तर प्रयोगशाळाही तयार होते, हा या योजनेचा आणखी एक लाभ.

स्थानिक स्वराज्य संस्थांना हे झेपेल का, असे विचारणाऱ्यांना मी पाण्याकडे बोट दाखवीन. महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. तो नळाचे पाणी परीक्षानळीत घेतो, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक असल्याचे ओळखतो. रंग आलाच नाही तर त्या दिवशी टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) पडलेले नाही किंवा पडले ते कसदार नव्हते, हे गावातल्या सगळ्यांना कळते. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि तिच्यावरून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे चांगली कामगिरी केली तर चंदेरी कार्ड. लाल कार्ड मिळाले म्हणून सरपंचाला कोणी तुरुंगात घालत नाही, पण ते ग्रामसभेत झोंबते, आणि फुटलेली पाइपलाइन दुरुस्त होते. या व्यवस्थेत उणिवा आहेत, कागदावरच टाकलेले थेंबही असतात. तरीही पाण्याबाबत आपण एक गोष्ट पुरती स्वीकारली आहे: ते तपासायला कोणी आजारी पडायची वाट पाहायची नाही. अन्नाच्या बाबतीत ही साधी गोष्ट आपण अजून स्वीकारलेली नाही.

किती नमुने लागतील? लोकांना वाटते तितके नाही. एखाद्या शहरातल्या बाजारात एका पदार्थाची शंभरातली पाच पाकिटे सदोष असतील, तर खरोखर चिठ्ठी टाकून निवडलेल्या साठ नमुन्यांत किमान एक सदोष नमुना सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त असते. साठही चांगले निघाले तर त्या पदार्थात सदोष माल शंभरात पाचाहून कमी असावा असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. म्हणून दर महिन्याला एकच पदार्थ घ्यावा आणि त्याला एकच प्रश्न विचारावा. चैत्र-वैशाखात बर्फ आणि उसाचा रस, पावसाळ्यात दूध, मसाले कुटायच्या दिवसांत तिखट आणि हळद. अफ्लाटॉक्सिनची किंवा जड धातूंची चाचणी स्वस्त नसते, हे खरे. त्यामुळेच सगळ्याची थोडी थोडी तपासणी करण्यापेक्षा एका प्रश्नाचे पक्के उत्तर मिळवणे शहाणपणाचे. राज्यातल्या २९ महापालिकांनी महिने आणि पदार्थ आपापसांत वाटून घेतले तर वर्षभरात एवढी माहिती जमेल जेवढी आज कुठल्याच खात्याकडे नाही. लहान नगरपालिकांनी जिल्ह्यापुरते एकत्र यावे.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. आधीच परवाना, वजनमापे, जीएसटी, अतिक्रमण अशा निमित्तांनी दारात माणसे येतात, त्यात आणखी एक निरीक्षक आला की आणखी एक हप्ता सुरू होणार. भीती खरी आहे. पण मी सुचवतो आहे त्या कामात निरीक्षकाला दुकानदारासमोर उभे राहायचेच नाही. महापालिकेच्या माणसाने साध्या गिऱ्हाइकासारखे जावे, पैसे देऊन माल घ्यावा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. पंच नाहीत, सील नाही, धमकावण्याची संधी नाही. केंद्रीय प्राधिकरण स्वतःही खटल्याचे नमुने आणि नुसत्या पाहणीचे नमुने यांत फरक करतेच. पाहणीच्या निकालात दुकानाचे नाव छापू नये. पदार्थ, प्रभाग, किती घेतले, किती सदोष, दोष कोणता, एवढे छापावे. काही असुरक्षित निघाले तर दुकानाचे नाव त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला कळवावे, म्हणजे लाखेचे सील घेऊन तिथे कुठे जायचे हे त्यांना नेमके ठाऊक असेल. दोन्ही कामे आपापल्या जागी राहतील.

प्रामाणिक दुकानदाराचे यात नुकसान नाही, उलट तो आज ज्या अफवांनी पिचतो त्यातून त्याची सुटका आहे. पनीरचेच घ्या. २०२५ च्या मार्चमध्ये विधिमंडळाच्या अधिवेशनात बनावट पनीरचा विषय गाजला. वनस्पती तेलापासून केलेला पनीरसारखा पदार्थ विकणे कायद्याने गुन्हा नाही, तो पनीर म्हणून विकणे हा गुन्हा आहे. पाकिटावर लेबल असते, ताटावर नसते. मग हॉटेलात पनीर मसाला म्हणून येते ते शंभरातल्या किती ठिकाणी पनीर असते? त्यातली चरबी दुधाची की तेलाची हे प्रयोगशाळा सांगू शकते. एखाद्या शहरातून साठ ताटे उचलली की उत्तर मिळेल. ते उत्तर नसल्यामुळे ग्राहक सगळ्या हॉटेलांकडे एकाच संशयाने बघतो आणि खरे पनीर वापरणाऱ्याला त्याच्या खर्चाचे मोल मिळत नाही.

कोणत्याही ग्राहकाला हा मार्ग आजही मोकळा आहे. कायद्याच्या ४० व्या कलमानुसार विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. मात्र तसा इरादा खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. पदार्थ नियमात बसत नसल्याचे निघाले तर फी परत मिळते आणि विश्लेषकाला तो अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पाठवावाच लागतो. गृहनिर्माण संस्था, महिला बचत गट, शाळेची व्यवस्थापन समिती यांनी हे कलम वापरावे. पण एकट्या घराने प्रयोगशाळेची फी भरून साऱ्या शहराचा प्रश्न सोडवावा अशी अपेक्षा अन्यायाची आहे. ज्यांना आपण मालमत्ता कर भरतो त्यांचे ते काम आहे.

सुरुवात कशापासून करायची असे कोणी विचारले तर मी भगरीचे नाव घेईन. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी आली की भगर खाऊन माणसे आजारी पडल्याच्या बातम्या मराठवाड्यातून आणि विदर्भातून येतात. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीच्या दिवशी, बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याला भगर-आमटीचा प्रसाद खाल्ल्यानंतर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. रुग्णालयात जागा पुरेना म्हणून झाडांना दोर बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या, आणि माणसे उघड्यावर जमिनीवर पडून होती. अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सूचना काढते की भगरीवर ॲस्परजिलस बुरशी वाढून फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्ये तयार होतात, सुटे पीठ घेऊ नका, भगर फार दिवस साठवू नका. सूचना बरोबर आहे. पण कोणत्या गिरणीतला, कोणत्या गोदामातला, किती दिवसांचा माल बुरशीचा आहे हे घरातल्या बाईने डोळ्यांनी कसे ओळखायचे? भगर कोरडी असते, खव्यासारखी दोन दिवसांत संपत नाही. उपवासाच्या दीड महिना आधी ती घाऊक व्यापाऱ्याकडे येऊन पडलेली असते. जिल्हा परिषदेने पौषात साठ पोती निवडून ओलावा आणि बुरशी तपासली, तर अहवालाला पूर्ण चौदा दिवस लागले तरी महाशिवरात्रीआधी खराब माल बाजारातून उचलायला वेळ उरतो.